दारू सुटली, पण करमत नाही : रिकामी संध्याकाळ भरण्याचा क्रम

दारू सोडून महिना-दीड महिना झालेला माणूस सांगलीतील आमच्या साप्ताहिक बैठकीत येतो, तेव्हा तो तलफेबद्दल फारसे बोलत नाही. तो म्हणतो, "सगळं ठीक आहे, पण करमत नाही." घरच्यांना हे वाक्य किरकोळ वाटते, कारण त्यांच्या दृष्टीने मोठे संकट टळलेले असते. मी स्वतः दोन वेळा सोडून दोन्ही वेळा परत प्यायलो, तो तलफ अनावर झाली म्हणून नाही. संध्याकाळी सात वाजता घरात बसून काय करायचे हे मला ठाऊक नव्हते, म्हणून प्यायलो. त्यामुळे हे वाक्य मी किरकोळ मानत नाही.

बहुतेकांची चूक क्रमाची असते. ते थेट आनंद शोधायला निघतात. गोव्याची सहल ठरते, व्यायामशाळेची वर्षाची फी भरली जाते, एखादे वाद्य घरी येते आणि तीन आठवड्यांत सगळे बाजूला पडते. त्यावरून "दारूशिवाय आयुष्यात मजाच नाही" असा निष्कर्ष काढला जातो आणि तो निष्कर्षच माणसाला पुन्हा बाटलीपर्यंत नेतो. आधी शरीर, मग वेळ, मग कृती, मग माणसे, असा क्रम ठेवावा. आनंद या सगळ्यांच्या मागून, आपल्या गतीने येतो.

## सुरुवातीपूर्वीची तयारी

रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत आकडी येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होणे, दिवस-रात्रीचे भान सुटणे, प्रचंड घाम आणि थरथर असा जीवघेणा त्रास होतो. यावर औषधे आहेत आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात. सांगलीचे सिव्हिल किंवा मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय येथे मानसोपचार विभागात दाखवता येते. पुढील टप्पे हा काळ सुखरूप पार पडल्यानंतरचे आहेत.

लागणारे साहित्य थोडेच आहे: एक दोनशे पानी वही, एक पेन, आणि आपण दारू सोडली आहे हे ज्याला स्पष्ट सांगता येईल असा एक माणूस. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड असते, म्हणून ती सर्वांत आधी मिळवावी.

इशारा: जेवणात गुपचूप मिसळायच्या पुड्या किंवा दारू सोडवण्याच्या गोळ्या माणसाच्या नकळत देऊ नयेत. डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते.

## टप्पा १ : न करमण्याची फोड करणे

पहिले सात दिवस काहीही बदलायचे नाही, फक्त लिहायचे. "करमत नाही" असे वाटले की वहीत वेळ, जागा आणि शेवटचे कधी खाल्ले, एवढे तीन शब्द टाकावेत. मग स्वतःला चार प्रश्न विचारावेत: भूक लागली आहे का, राग आला आहे का, एकटे वाटते आहे का, थकवा आहे का?

आठवड्याने पाने चाळली की बहुतेकांना एक गोष्ट दिसते. कंटाळा म्हणून जे लिहिले, त्यातले बरेचसे भुकेचे आणि अपुऱ्या झोपेचे असते. दारूतून शरीराला भरपूर उष्मांक मिळत असत, ते अचानक बंद झालेले असतात. त्यातच वर्षानुवर्षे संध्याकाळची भूक बाटलीनेच मारलेली असल्यामुळे तिची ओळखच पुसली जाते. सहा वाजता पोटात खड्डा पडतो आणि मेंदू त्याला जुन्या सवयीने "बसायची वेळ झाली" असे नाव देतो. म्हणून साडेपाचच्या आत पोटभर काहीतरी खावे: मटकीची उसळ, भाकरी-पिठले, शेंगदाणे-गूळ, केळी, जे घरात असेल ते. पहिल्या काही आठवड्यांत गोड खाण्याची ओढ वाढते. तिच्याशी आत्ताच भांडू नये. मधुमेह असल्यास मात्र डॉक्टरांना विचारावे.

झोपेचे तसेच. दारू झोप आणते असे वाटते, पण रात्रीच्या उत्तरार्धात तीच झोप मोडते. सोडल्यावर कित्येक आठवडे झोप तुकड्यातुकड्यांची राहू शकते आणि विचित्र स्वप्ने पडतात. रोज ठरावीक वेळी उठणे, दुपारी लांबलचक न झोपणे आणि संध्याकाळनंतर चहा न घेणे एवढे सांभाळावे. ओळखीच्याकडून झोपेची गोळी मागून घेऊ नये, कारण तिचीही सवय जडते.

उरलेला, खरा कंटाळा कुठून येतो हेही समजून घ्यावे. दारू मेंदूतील डोपामिन, म्हणजे सुखाच्या ओढीशी जोडलेले रसायन, वारंवार आणि मोठ्या प्रमाणात उसळवते. वर्षानुवर्षे असे होत राहिले की मेंदू त्या उसळीला सरावतो आणि आपला प्रतिसाद कमी करतो. मग चहाचा घोट, लेकराचे हसणे, क्रिकेटचा सामना या साध्या गोष्टी फिक्या वाटू लागतात. ही स्थिती काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत टिकते आणि हळूहळू निवळते. हे माहीत नसलेला माणूस स्वतःला दोष देतो किंवा बायकोला, आणि दोन्हींचा शेवट वाईट होतो.

तपासणी: सात दिवसांच्या नोंदी पाहून "माझा कंटाळा बहुधा अमुक वाजता, अमुक ठिकाणी आणि अमुक अवस्थेत येतो" हे वाक्य पूर्ण करता आले पाहिजे. ते जमेपर्यंत पुढे जाऊ नये.

## टप्पा २ : साडेसहा ते साडेनऊ

दिवस कामात जातो. अडचण असते ती दिवेलागणीनंतरच्या तीन तासांची. त्या तीन तासांत पूर्वी फक्त दारू नव्हती. कुठे जायचे ते ठरलेले होते, कोण भेटणार ते माहीत होते, हाताला पेला होता, बोलायला विषय होते. दारू काढून घेतली की हा सगळा मांडव एकदम कोसळतो. त्या जागी केवळ टीव्ही ठेवला तर तो पुरत नाही.

म्हणून आधी मांडव उभा करावा. रोज रात्री झोपण्यापूर्वी दुसऱ्या दिवसाच्या या तीन तासांचा तक्ता लिहावा, तोही अर्ध्या-अर्ध्या तासाचा. त्यात "फिरायला जाणे" असे मोघम लिहू नये. "६.४५ ला दुकान बंद, तेथूनच चालत गणपती मंदिर, मग आयर्विन पुलापर्यंत, ७.४५ ला घरी आंघोळ, ८ वाजता मुलीचा अभ्यास, ८.४५ जेवण" असे लिहावे. तक्ता सकाळी करू नये, आणि संध्याकाळी तर मुळीच करू नये. त्या वेळी मन स्वतःच्या बाजूने युक्तिवाद करू लागते.

त्यानंतर रस्ता बदलावा. ज्या वाटेवर परमिट रूम आहे ती वाट सहा महिने बंद समजावी, मग घरी पोहोचायला पंधरा मिनिटे जास्त लागली तरी चालेल. खिशात गरजेपुरतेच पैसे ठेवावेत.

चखण्याचाही विचार करावा, कारण सांगलीत हे फार सहज विसरले जाते. आपल्याकडे भडंग, म्हणजे लसूण-तिखट लावलेले चुरमुरे, घरोघरी असते आणि ते निष्पाप खाणे आहे. पण ज्याने पंधरा वर्षे भडंगाची मूठ पेल्याबरोबरच तोंडात टाकली, त्याला लसणाचा आणि तिखटाचा तो वास आला की जिभेला पुढची गोष्ट आठवते. आमच्या बैठकीतील एकाला पाच महिने काही झाले नव्हते. एका संध्याकाळी गच्चीवर एकटे बसून, वर्तमानपत्रावर भडंग ओतून, त्यावर कांदा चिरल्यावर त्याचे हात थरथरू लागले. भडंग आयुष्यभर सोडावे असे मी म्हणत नाही. पहिले काही महिने ते दुपारी, चार माणसांत, चहाबरोबर खावे. ती जागा, ती वेळ आणि तो एकांत मिळून जे तयार होते, ते मोडावे. हातात काही धरायची सवय असेल तर ताक किंवा कोकम सरबत घ्यावे, पण जुन्या पेल्यात नको. बिनअल्कोहोलची बिअर मात्र टाळावी, कारण चव आणि वास तोच असतो.

इशारा: तलफेची लाट साधारण पंधरा ते तीस मिनिटांत ओसरते. त्या वेळी जागा बदलावी, काहीतरी खावे आणि तयारीत ठरवलेल्या त्या एका माणसाला फोन करावा. लाट ओसरेपर्यंत कोणताही मोठा निर्णय घेऊ नये.

## टप्पा ३ : इच्छेची वाट न पाहता कृती

"मन लागलं की करीन" हे वाक्य येथे चालत नाही. या काळात इच्छा कृतीच्या मागून येते. मानसोपचारात उदासीनतेवर वापरली जाणारी ही पद्धत आहे आणि ती घरी सहज करता येते.

वहीत रोज एक कृती निवडावी आणि ती वीस मिनिटे करावी. लगेच तिला दोन गुण द्यावेत, दोन्ही ० ते १०: पहिला आनंदाचा, दुसरा "काहीतरी पार पाडले" या समाधानाचा. हे दोन रकाने वेगळे ठेवणे अत्यंत महत्त्वाचे आहे. सुरुवातीला आनंदाचा रकाना जवळजवळ रिकामाच राहतो, पण समाधानाचा रकाना लवकर भरू लागतो, आणि माणसाला तेवढ्यावर तग धरता येतो.

मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजीचे काम करणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांची वही मला वाचायला दिली होती. त्यांनी रोज हरिपूरच्या संगमापर्यंत जाणे निवडले होते. पहिल्या नऊ दिवसांचे आनंदाचे गुण ०, ०, १, ०, १, ०, ०, १, १ असे होते आणि समोर "पाय दुखले", "डास", "काय उपयोग" असे शेरे होते. समाधानाचे गुण मात्र ३ वरून ५ वर गेले होते. मधे एक दिवस खाडा होता. त्यानंतरच्या ओळीत त्यांच्या व्यापारी वळणाच्या अक्षरात लिहिले होते: "घाटावर कुत्र्यांना बिस्किटे घालणारे आजोबा आहेत. त्यांनी आज विचारले, काल का आला नाहीत? आनंद ४." ती ओळ मी दोनदा वाचली.

येथे हमखास होणारी चूक म्हणजे तुलना. नव्या कृतीच्या आनंदाची पारख दारूच्या पहिल्या तासाशी केली जाते आणि दारूचा दुसऱ्या दिवशीचा सकाळचा तास हिशेबात धरला जात नाही. तुलना करायचीच असेल तर पूर्ण चोवीस तासांची करावी. दुसरी चूक म्हणजे दोन-तीन दिवसांत कृती बदलणे. एक कृती किमान चौदा दिवस चालवल्याखेरीज तिच्याविषयी मत बनवू नये.

तपासणी: चौदा दिवसांत किमान दहा नोंदी झाल्या का? गुण किती मिळाले हे तूर्त गौण आहे.

## टप्पा ४ : हात, अंग आणि वाट पाहणारे कोणीतरी

छंद निवडताना मी तीन कसोट्या सांगतो. त्यात हात गुंतले पाहिजेत, अंगाला थोडे श्रम पडले पाहिजेत, आणि आपण गेलो नाही तर कोणाच्या तरी लक्षात आले पाहिजे. तिन्ही एकत्र मिळणे दुर्मीळ आहे, दोन मिळाल्या तरी पुरे. मोबाइलवर चित्रफिती पाहण्यात यातली एकही नसते. म्हणून दोन तास पाहूनही माणूस रिकामाच उठतो.

आपल्या भागात पर्याय कमी नाहीत. ज्याला आवाज आहे त्याने गावच्या भजनी मंडळात टाळ धरायला बसावे. तेथे कोणी परीक्षा घेत नाही आणि ठरलेल्या वारी गैरहजेरी लगेच कळते. मिरजेत तंतुवाद्ये घडवणाऱ्यांची परंपरा आजही चालू आहे, तेव्हा वाद्य शिकायचे असेल तर शिकवणारा जवळपास सापडतो. पण आधी महिनाभर दुसऱ्याच्या वाद्यावर शिकावे आणि मगच विकत घ्यावे. ज्याचे शेत आहे त्याने बांधावर भाजीचा एक वाफा फक्त स्वतःचा म्हणून राखावा. मेथी तीन-चार आठवड्यांत काढणीला येते आणि या काळात इतक्या लवकर फळ देणारे काम मोलाचे ठरते. तरुणपणी तालमीत गेलेल्याने पुन्हा तालमीत जावे, मात्र लहान मुलांना शिकवायला. जुन्या जोराने जोर-बैठका मारायला जाऊ नये. दारूने यकृत आणि हृदय यांना काय केले आहे हे तपासल्याशिवाय अंग ताणणे धोक्याचे आहे. वाचनाची आवड असल्यास वाचनालयात जाऊन तेथेच बसून वाचावे. घरी आणलेले पुस्तक उशाशीच राहते.

रविवारसाठी एक मोठे काम हाताशी असू द्यावे: दंडोबाच्या डोंगरावर चढणे, सागरेश्वरला सकाळी लवकर जाणे, किंवा सायकलने नरसोबाच्या वाडीला जाऊन येणे. सुट्टीची दुपार कामाच्या दिवसाच्या संध्याकाळपेक्षा अधिक घातक असते, असा माझा अनुभव आहे.

पावसाळ्यासाठी पर्यायी यादी आधीच लिहून ठेवावी. कृष्णेला पाणी चढले की घाटावरचे फिरणे बंद होते आणि महिनाभर बसवलेली घडी दोन दिवसांत विस्कटते. घरात करण्याजोगी तीन कामे जूनपूर्वीच ठरलेली असावीत.

इशारा: जुन्या जागी नवे व्यसन बसू देऊ नये. आपल्याकडे दारू सोडलेला माणूस माव्याची पुडी वाढवतो, किंवा मोबाइलवर रमीचे डाव लावू लागतो, आणि "दारूपेक्षा बरं" असे म्हणून घरचेही दुर्लक्ष करतात. जिच्यासाठी पैसे लपवावे लागतात किंवा खोटे बोलावे लागते, ती करमणूक वहीतून ताबडतोब काढावी.

## टप्पा ५ : माणसे

पिणारे मित्र तोडावेत की नाहीत, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. माझे मत असे आहे की पहिले सहा महिने त्यांना सकाळी भेटावे आणि संध्याकाळी भेटू नये. नाश्त्याला, कामाच्या ठिकाणी, दवाखान्यात भेटण्याने मैत्री टिकते, आणि जी मैत्री फक्त रात्री नऊलाच जिवंत होते तिची ओळखही पटते.

नकाराचे वाक्य पाठ करून ठेवावे. लांब सबब सांगितली की समोरचा ती खोडून काढतो: औषध चालू आहे म्हटले की "एकाने काही होत नाही" असे येते, उपवास म्हटले की "उद्या बसू" असे येते. "दादा, मी सोडली आहे. चहा घेऊया," एवढेच म्हणावे आणि विषय बदलावा. दुसऱ्यांदा आग्रह झाला तर उठून निघावे. रागावण्याची गरज नाही.

आपल्यासारख्याच माणसांत बसणे हा या टप्प्याचा गाभा आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आपसांतील मदतगटाच्या) सभा राज्यात अनेक ठिकाणी मराठीत होतात, त्यांना शुल्क नसते आणि नाव-आडनाव सांगण्याची सक्ती नसते. तेथे "करमत नाही" असे म्हटल्यावर कोणी उपदेश करत नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावर ओळख दिसते. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट असतो.

घरच्यांशी बोलताना दोन्ही बाजूंच्या चुका होतात. सोडणाऱ्याला रोज कौतुक हवे असते आणि ते मिळाले नाही की तो रुसतो. बायको किंवा आई दारात उभी राहून श्वासाचा वास घेते, कारण तिने वर्षानुवर्षे फसवणूक सोसली आहे. विश्वास परत यायला वेळ लागतो हे मान्य करावे आणि मागणी न करता एक ठरावीक जबाबदारी उचलावी: सकाळचे दूध आणणे, आईच्या गोळ्या वेळेवर देणे, मुलाला शाळेत सोडणे. एकच असावी, पण एकही दिवस चुकू नये. घरच्यांनीही "आता तरी नीट वागतोस" अशा वाक्यांनी जुने उगाळू नये. "चल, भाजी आणायला जाऊ," हे वाक्य शंभर शाबासक्यांहून उपयोगी पडते.

## टप्पा ६ : ठरलेले धोक्याचे दिवस

वर्षाच्या दिनदर्शिकेवर लाल खुणा कराव्यात: आषाढ अमावास्या, गावची जत्रा, ३१ डिसेंबर, जवळच्या लग्नातील वरात, निवडणुकीचा हंगाम, पगाराचा दिवस. बेदाण्याचे किंवा उसाचे पैसे हाती येतात तो दिवसही त्यातलाच. प्रत्येक खुणेसमोर कोणाबरोबर जाणार, किती वाजता निघणार आणि परतायचे वाहन कोणाचे, हे लिहावे. वरातीत मधोमध नाचू नये, अक्षता टाकून, जेवून निघावे. जेथे जाणे पहिल्या वर्षी टाळता येते तेथे निःसंकोच टाळावे.

## टप्पा ७ : घसरल्यास

प्यायली गेली तर चोवीस तासांच्या आत तयारीत निवडलेल्या माणसाला सांगावे. लपवलेली एक रात्र फार लवकर आठवडा होते. वहीत "सगळं संपलं" असे लिहू नये. किती वाजता, कुठे, कोणाबरोबर, त्याआधी काय खाल्ले होते, संध्याकाळचा तक्ता लिहिलेला होता का, हे लिहावे. बहुतेक वेळा शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असते, आणि दुरुस्ती तेथूनच सुरू करावी. पुन्हा अनेक दिवस सलग पिणे झाले असेल तर परत थांबतानाही डॉक्टरांची मदत घ्यावी, कारण आकडीचा धोका पुन्हा उभा राहतो. तलफ कमी करणारी औषधेही उपलब्ध आहेत, ती घेण्यात कमीपणा नाही.

इशारा: दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज दिवसभर उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल तर तो कंटाळा समजू नये. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, आणि व्यसनासंबंधी मदतीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. जीव देण्याचा विचार मनात असेल तर त्या माणसाला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

## तिसऱ्या महिन्याचा आढावा

नव्वद दिवसांनी एखाद्या सकाळी वही घेऊन बसावे. ज्या कृतींचे आनंदाचे गुण हळूहळू का होईना वाढले, त्यांच्यासमोर खूण करावी आणि ज्यांचे दोन्ही रकाने खालीच राहिले त्या निःशंकपणे खोडाव्यात. मग वाचलेल्या पैशांचा हिशेब करावा. दिवसाला २०० रुपये जात असतील तर हा आकडा १८,००० होतो. त्यातील एक भाग घरासाठी काढून ठेवावा आणि एक भाग खूण केलेल्या कृतींपैकी पहिल्या कृतीवर खर्च करावा: चालण्याचे बरे बूट, हार्मोनियमच्या शिकवणीची फी, वाफ्यासाठी बियाणे. व्यायामशाळेची वर्षाची फी आणि गोव्याची सहल यांचा विचार करायचा असेल, तर तोही आता, या पानावर करावा.